चौकोनाची सिद्धता

मुलुंड (पूर्व)
७ जुलै २०२५

मधुकर,

मायन्यात धाकट्या भावाला आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार माझ्याकडे उरला आहे किंवा नाही, हे चौदा वर्षांत मी तपासलेले नाही. म्हणून तो शब्द गाळला आहे.

या पत्रातून मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. पंचाहत्तर वर्षांच्या, आयुष्यात कधीही न नाचलेल्या, परंतु नीट विचार करू शकणाऱ्या माणसाला अमेरिकन पद्धतीच्या वॉल्ट्झ या जोडीच्या नाचातील सुरुवातीच्या रचना केवळ व्हिडिओ पाहून शिकता येतात आणि आपल्या पत्नीला शिकवताही येतात. एवढे सिद्ध झाले, की तू मुलुंडला येण्याचे कारण उरत नाही.

हा विषय का निघाला, ते आधी सांगतो. तीन वर्षांपूर्वी उत्तराला पार्किन्सनचे निदान झाले. हाताची थरथर औषधाने आटोक्यात आहे. प्रश्न चालण्याचा आहे. मोकळ्या जागेत ती चालते. दार आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. धड पुढे जाते, पाय मागे राहतात आणि ती पडते. मार्चमध्ये एकदा पडली, जूनमध्ये एकदा. घाटकोपरच्या डॉक्टरांनी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा बोलावले आहे. तोवर पडणे थांबले नाही तर घरातही चाकाची खुर्ची वापरावी, असे त्यांचे मत आहे. एकदा खुर्चीत बसलेला रुग्ण पुन्हा हिंडूफिरू लागल्याचे आपण फारसे पाहिलेले नाही, असेही ते म्हणाले. हे ते माझ्याकडे बघून बोलत होते. उत्तरा माझ्या शेजारीच बसली होती.

नाचाची कल्पना माझी नाही. आठवड्यातून दोनदा व्यायाम करून घ्यायला निधी नावाची मुलगी येते. वय सव्वीस, बोलणे भरधाव. ती म्हणाली, "काका, काकूंना नाचवा ना! सिरियसली सांगते. ताल मिळाला की पाय सुटतात. वजन ह्या पायावरून त्या पायावर, थोडं बाजूला, थोडं मागे. वॉल्ट्झ एकदम झकास." मी आधार विचारला. तिने दोन दिवसांत तीन शोधनिबंध पाठवले. मी ते वाचले. त्यांतले दोन चांगले आहेत.

त्यावर उत्तरा म्हणाली, "भाऊजींना बोलवा. त्यांना येतं."

गरज नाही, असे मी म्हणालो.

"मग निदान पत्र तरी लिहा."

ते मी कबूल केले, आणि हे ते पत्र. त्यात बोलावणे असावे, अशी अट तिने घातलेली नव्हती.

२०११च्या सभेविषयी तुझ्या मनात काय आहे, याची मला कल्पना आहे. आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठांसाठी नाचाचा वर्ग काढण्याचा अर्ज तू दिलास. अध्यक्ष या नात्याने मी त्यावर अकरा मुद्द्यांचा आक्षेप वाचला. अर्ज फेटाळला गेला. चार महिन्यांत तू चौथ्या मजल्यावरची जागा विकून जोगेश्वरीला गेलास. ते अकरा मुद्दे मी परवा काढून पुन्हा वाचले. युक्तिवादाच्या रचनेत दोष आढळला नाही.

श्यामसुंदर


२४ जुलै २०२५

मधुकर,

तुझे कार्ड पोहोचले. चौदा वर्षांनंतर तू एक ओळ लिहिलीस: "दादा, वहिनी आपणहून कुठला पाय मागे घेते ते बघ." ही सूचना आहे की टोमणा, हे ठरवता आले नाही. तू मुद्द्याला उत्तर देण्याऐवजी तिसरेच काही बोलतोस, हे मात्र लहानपणापासूनचे आहे.

प्रगती कळवतो. अमेरिकन पद्धत मी विचारपूर्वक निवडली. इंग्रजी पद्धतीत जोडीला सतत पुढे सरकत राहावे लागते आणि त्यासाठी मोठे दालन हवे. अमेरिकन पद्धतीचा पहिला धडा एका चौकोनाचा आहे: पुरुषाने एक पाय पुढे टाकायचा, दुसरा बाजूला, मग पाय जुळवायचे, नंतर तेच मागच्या बाजूने. स्त्रीने त्याच्या उलट. सगळा व्यवहार आमच्या बैठकीच्या खोलीतील चार फरश्यांत मावतो. टीपॉय गॅलरीत ठेवला आहे.

शिक्षक ओहायो राज्यातला कोणी टकला गृहस्थ आहे. तो कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा राहतो. दुपारी उत्तरा झोपलेली असते, तेव्हा मी आवाज बंद करून त्याला पाहतो. याचे मला नुकसान वाटत नाही. ऐकीव शब्दापेक्षा डोळ्यांना दिसणारे प्रमाण अधिक बळकट, हे मी चौतीस वर्षे तर्कशास्त्राच्या वर्गात मुलांना शिकवले आहे. सुरुवातीची पाऊणएक मिनिटाची त्याची बडबडही मी ओलांडून जातो.

येथे सामान्य माणूस एक चूक करतो, ती मी टाळली. समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचा उजवा पाय आपल्याला डाव्या हाताला दिसतो. पडद्यावर पहिला पाय डावीकडचा पुढे येतो. अर्थात तो शिक्षकाचा उजवा पाय. म्हणून पुरुषाने उजव्या पायाने सुरुवात करायची आणि स्त्रीने डावा पाय मागे घ्यायचा. मी ही फोड कागदावर आकृतीसह मांडून फ्रिजवर लावली आहे.

अडचण उत्तराची आहे. ती प्रत्येक वेळी उजवा पाय मागे घेते. तिचा डावा पाय जागेवर राहतो आणि माझा उजवा पाय त्याच्यावर पडतो. मी आकृती दाखवली. ती म्हणाली, "कळलं हो मला. पण पाय तोच जातो."

"पायाला कसं कळणार? तू ठरवलंस तर जाईल ना?"

"तुम्ही ठरवा. मला दमायला झालंय."

काल ती थोडा वेळ खाली बसली. विशेष काही नाही. आज विश्रांती.

श्यामसुंदर


११ ऑगस्ट २०२५

मधुकर,

मागच्या पत्रातील एक वाक्य दुरुस्त करायचे आहे. 'खाली बसली' असे मी लिहिले होते. ती पडली. मी तिला डावा पाय, डावा पाय असे सांगत होतो. तिने मध्येच पाय बदलण्याचा प्रयत्न केला. वजन कुठल्याच पायावर उरले नाही आणि ती कोलमडली. माझे दोन्ही हात तिच्या हातांत होते, तरीही मला ती सावरता आली नाही. कपाळाला टीपॉय लागला असता. तो गॅलरीत होता म्हणून वाचली. उजव्या कोपराला सूज आली. डाव्या पायाचा अंगठा आधीच काळानिळा होता, तो माझ्यामुळे.

निधी आली, तिने अंगठा पाहिला आणि माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही थिअरी मस्त सांगता. पण काकूंची वाट लागतेय." इतक्या वर्षांत कोणत्याही विद्यार्थ्याने माझ्याशी असे बोलण्याचे धाडस केले नव्हते. मी दहा दिवस नाच बंद ठेवला.

त्या दहा दिवसांत उत्तरा स्वयंपाकघरात एकदाही गेली नाही. दार नको म्हणून. चहा तिला बाहेर आणून देत होतो. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आज फोडणी करपली ना? मला इथं वास आला." मी हो म्हणालो. "मी आत असते तर सांगितलं असतं," एवढेच ती बोलली आणि वर्तमानपत्र उघडून बसली. पान उलटले नाही.

आता शेवंतीचे सांगतो. ती विक्रोळीहून सकाळी येते, उत्तराची अंघोळ आणि घरातले पाहते. मूळची सावंतवाडीकडची. काल तिला सुट्या वेळात कपड्यांच्या घड्या घालायच्या होत्या, आणि मी नेमका तोच व्हिडिओ पुन्हा तपासत होतो. ती मागे येऊन उभी राहिली.

"सर, हो बापयो बायकांचो शर्ट घालून नाचता काय?"

मी विचारले, कशावरून?

"बटणा बगा ना. पुरुषांच्या शर्टाक बटणा उजव्या अंगाक असतत. ह्याची डावीकडे आसत. धा वर्सां कारखान्यात मी बटणाच लावी होतय, माका नको सांगू."

मी व्हिडिओ थांबवला आणि चष्मा बदलून पाहिले. तिचे म्हणणे खरे होते. भिंतीवरच्या घड्याळातले आकडेही उलटे होते. पाच आठवडे ते घड्याळ माझ्या समोर होते. मग मी प्रथमच आवाज चालू केला आणि सुरुवातीची, गाळलेली बडबड ऐकली. तो गृहस्थ अगदी हसतमुखाने सांगत होता, की पाहणाऱ्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून त्याने चित्र आधीच आरशासारखे उलटवले आहे. पडद्यावर जो पाय दिसेल तोच आपण उचलावा. नंतर प्रत्येक पावलाला तो डावा, उजवा असे मोठ्याने म्हणतही होता.

तात्पर्य, जे एकदा उलटवलेले होते ते मी पुन्हा उलटवले. पुरुषाची सुरुवात डाव्या पायाने होते. स्त्रीचा उजवा पाय मागे जातो. उत्तरा पहिल्या दिवसापासून बरोबर होती.

मी आत जाऊन तिला हे सांगितले. ती कोपराला तेल लावून घेत होती. "बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटायला लागलं होतं की आता माझे पायसुद्धा माझं ऐकत नाहीत."

तिला हे कसे वाटू लागले, याचे उत्तर माझ्याजवळ होते. ते मी तिला दिले नाही. तुला देतो आहे. मी तिला रोज तसे सांगत होतो.

फ्रिजवरचा कागद काढला आहे. तिला कुठला पाय मागे घ्यायचा हे कसे ठाऊक होते, हा प्रश्न मला काल रात्रीपर्यंत सुचला नव्हता. तुझे कार्ड पुन्हा वाचले. ती सूचना होती.

श्यामसुंदर


३१ ऑगस्ट २०२५

मधुकर,

मी तिला विचारले. तिने लपवाछपवी केली नाही.

१९८१चा हिवाळा. विक्रोळीच्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये आपण तिघे राहत होतो. मी संध्याकाळचे वर्ग घेऊन नऊला परतत असे. तू पहिल्या पाळीवरून चारला घरी येत असस. तुझ्या खात्यातल्या कोणा गोवेकर फिटरने तुला वॉल्ट्झ शिकवला होता आणि तुला सरावाला जोडीदार हवा होता. "भात शिजेपर्यंत नाचायचो आम्ही," उत्तरा म्हणाली. "कुकर नव्हता तेव्हा. भाऊजी तोंडाने ताल धरायचे, आणि भात लागला की मला हसायला यायचं." भात लागलेला मला आठवतो. मी त्यावर बोललोही असेन.

मी विचारले, मला का सांगितले नाही? ती म्हणाली, "तुम्ही कारण विचारलं असतंत." मग म्हणाली, "आणि कारण काही नव्हतं."

आता प्रगती. माझ्या पायांना पाच आठवड्यांची चुकीची सवय होती. मनाने डावा म्हटले तरी उजवाच उचलला जाई. मी मोठ्याने आकडे मोजून तो रोखू लागलो. शेवंती दाराशी उभी होती. "सर, तुमी इतक्या मोठ्यान मोजतास, बाईंक गाणा ऐकाक येतला कसा?" उत्तरा हसली. फार दिवसांनी. तिचे हसणेही हल्ली मंद झाले आहे, या आजारात चेहरा थिजतो. पण मी ते ओळखले.

ती म्हणाली, "तुम्ही गप्प राहा. माझ्या हाताकडे लक्ष ठेवा. मी मागे गेले की तुम्ही आपोआप पुढे याल."

"पण चाल पुरुषाने द्यायची असते. तशी व्याख्याच आहे."

"अहो, नाचा आता!"

मी मोजणे थांबवले. तिच्या उजव्या तळव्याचा दाब किंचित कमी झाला, की ती मागे निघाली असे समजायचे. हे मला तिसऱ्या फेरीत कळले. कोणत्याही आकृतीत हे दाखवता आले नसते. त्या दिवशी आम्ही चार फरश्यांवर अकरा चौकोन पूर्ण केले आणि तिचा अंगठा शाबूत राहिला.

२२ तारखेला, शुक्रवारी, साडेपाच वाजता आम्ही चौकोन घालत घालत स्वयंपाकघराच्या दाराशी आलो. मुद्दाम नव्हे. दार दिसताच तिचे पाय थांबले. माझ्या हातांत तिची बोटे घट्ट झाली. पूर्वी मी अशा वेळी 'पाऊल उचल' म्हणत असे. या वेळी मी गाणे चालू राहू दिले. ती जागच्या जागी एका पायावरून दुसऱ्यावर वजन टाकत राहिली, दोनदा, तीनदा. चौकोनाच्या उत्तरार्धात पुरुषाला मागे जावे लागते. माझ्या मागे काय आहे ते मला दिसत नव्हते. "जा," ती म्हणाली. मी उजवा पाय मागे टाकला, आणि तिचा डावा पाय माझ्या मागोमाग दारातून आत आला.

आत ती ओट्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "शी! किती डबे चिकट करून ठेवलेत." चहा तिने केला. अर्धा सांडला.

तेव्हापासून ती दिवसातून चार-पाच वेळा त्या दारातून जाते. कधी मला धरून, कधी शेवंतीला. काल एकदा कोणालाच नाही. फक्त तोंडाने ताल धरून. तो ताल तुझा असावा. मला तो कुठल्याही व्हिडिओत सापडलेला नाही.

आता मूळ विधानाकडे येतो. शिक्षकाशिवाय केवळ व्हिडिओवरून शिकता येते, हे मला सिद्ध करायचे होते. मी उत्तराकडून शिकलो. उत्तरा तुझ्याकडून शिकली होती. म्हणजे शिक्षक होता. विधान कोसळले. त्यासोबत त्यावर आधारलेला निष्कर्षही कोसळतो, की तू येण्याचे कारण नाही.

पुढची रचना अशी आहे, की पुरुष हात वर धरतो आणि स्त्री त्याखालून वळून पुन्हा समोर येते. तिला ती करायची आहे. माझा खांदा आखडलेला आहे, हात कानाच्या वर जात नाही. तू ये.

श्यामसुंदर


५ ऑक्टोबर २०२५

मधुकर,

तुझे दुसरे कार्ड: "दादा, वहिनीसाठी मी उद्याही येईन. पण तू कशासाठी बोलावतोस, ते अजून लिहिलं नाहीस. खांदा हे कारण नव्हे."

नव्हे, हे मान्य आहे.

आधी डॉक्टरांचे सांगतो. त्यांनी तिला त्यांच्या खोलीच्या दारातून बाहेर जाऊन परत यायला सांगितले. ती दाराशी थांबली. मी उठणार होतो. तिने डोळ्यांनी मला बसवले. बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला वजन, आणि ती गेली. परतही आली. डॉक्टरांनी विचारले, हे कोणी शिकवले? "आमच्या धाकट्या दिरांनी," ती म्हणाली, "पण बरीच वर्षं झाली." खुर्चीचा विषय जानेवारीपर्यंत पुढे ढकलला आहे. आजार जाणार नाही, याची आम्हा दोघांनाही जाणीव आहे. पण २३ जुलैनंतर ती पडलेली नाही.

येताना रिक्षात मी तिला म्हणालो, की सोसायटीच्या हॉलसाठी मी अर्ज करतो आहे. मंगळवार-शुक्रवार, संध्याकाळी पाच ते सहा. शिकवणारा म्हणून तुझे नाव घालतो आहे. आपल्या इमारतीत अशा चालीची आणखी तीन माणसे आहेत, हे निधीनेच सांगितले. तळमजल्यावरच्या द्रौपदीबाई तर विचारून गेल्या, "आम्हांला जमेल का हो?"

मुलुंडच्या हद्दीत शिरल्यावर उत्तरा म्हणाली, "त्या वेळीही पहिलं नाव माझंच होतं."

मला वाटले, विषय तेथेच संपेल.

"तुम्ही यादी पाहिली होतीत. भाऊजींनी अर्जाला टाचलेली. सभेत तुम्ही फाईल उघडलीत, तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मला माझं अक्षर दिसलं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलत होतात."

रिक्षावाल्याने कुठल्या गल्लीत वळायचे ते विचारले. तिनेच सांगितले.

मधुकर, तुला कारण हवे होते. अकरांपैकी दहा मुद्दे मी आजही सभेत उभे राहून मांडू शकेन: गोंगाट, फरशी, विमा, उपविधी. अर्ज त्या दहा मुद्द्यांवर फेटाळला गेला नसता. लोक डुलक्या घेत होते. तो नवव्या मुद्द्यावर फेटाळला गेला. माझी पत्नी सर्वांसमोर नाचण्याची इच्छा लिहून देते, हे त्या संध्याकाळी मला सहन झाले नाही, आणि तसे म्हणण्याऐवजी मी दुसरेच काही म्हणालो. तर्काची फसगत मी ओळखू शकतो. ही फसगत नव्हती.

खालील निवेदन आज सकाळी मी सोसायटीच्या सूचनाफलकावर लावले आहे. उत्तराने ते उभ्याने वाचले, 'सर्वसाधारण' या शब्दातली माझी शाई पसरली आहे असे सांगितले, आणि लिफ्टची वाट न पाहता कठड्याला धरून एक जिना चढली. तू येशील तेव्हा ते तिथेच असेल. येण्याआधी तुला त्याची प्रत मिळावी, म्हणून येथे उतरवतो.

सर्व सभासदांस,

१९ जून २०११ रोजीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी नववा मुद्दा असा मांडला होता, की ज्येष्ठांच्या नृत्यवर्गाची मागणी एकाही सभासदाने केलेली नाही. त्या वेळी माझ्या हातातील फाईलमध्ये सतरा सभासदांच्या सह्यांची यादी होती. मी ती वाचली होती. पहिली सही माझ्या पत्नीची होती. ती यादी मी सभेपुढे ठेवली नाही. ही माझी चूक आहे.

श्यामसुंदर पोंक्षे
बी-२०४